आई पंगतीत बसते तेव्हा

श्रोतेहो, नमस्कार. नोकरीनिमित्त गोव्यात स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांकडे शनिवार-रविवारी आईवडील येऊन राहतात, ही आता नित्याची गोष्ट झाली आहे. १९९८ मध्ये कोकण रेल्वेचा मार्ग संपूर्ण खुला झाल्यापासून कुडाळची आई सकाळी गाडीत बसून जेवणाच्या वेळेआधी थिवीला उतरू शकते. परंतु ती उतरते ती कुळथाची पिठी आणि आमसुले घेऊन, आणि घरी पोहोचताच थेट स्वयंपाकघरात शिरते. दोन दिवस ती आपल्याला वाढते, आणि आपण जेवून उठलो की मग स्वतः जेवते. म्हणूनच माझा आग्रह आहे की या दोन दिवसांतले निदान एक जेवण बाहेर व्हावे. तिचे श्रम वाचावेत हा त्यातला लहान लाभ झाला. मोठा लाभ हा की ती आपल्याबरोबर, एकाच वेळी, जेवायला बसते.

माझ्या आईला मी एका रविवारी पणजीतल्या एका जुन्या खाणावळीत नेले. तिथे बाके सामाईक असतात, त्यामुळे आमच्यासमोर दोन अनोळखी तरुण बसले होते. ताटे आली: भात, हुमण (म्हणजे वाटलेल्या नारळाची माशांची आमटी), किसमूर (म्हणजे सुक्या मासळीची कोशिंबीर), तिसऱ्यांचे सुके, सोलकढी आणि रव्यात तळलेला बांगडा. (रव्याचा थर जाड असला की मासा ताजा आहे की नाही हे कळत नाही, असे माझे ठाम मत आहे, पण ते असो.) गर्दी फार असल्याने वाढपी हुमणाचे भांडे आमच्याच बाकावर ठेवून दुसरीकडे धावला, आणि आईचा हात आपोआप त्यातल्या डावाकडे गेला. तिने प्रथम माझ्या मुलीला वाढले, मग सुनेला, मग मला, आणि आमची ताटे भरल्यावर समोरच्या त्या दोन तरुणांकडेही तिने प्रश्नार्थक पाहिले. त्यांतला एक जण काहीही संकोच न करता म्हणाला, "मावशी, मात्शें आनीक घाल." तिने घातले. पलीकडच्या बाकावरच्या एका गृहस्थांनीही वाटी पुढे केली, तेव्हा ती उठून उभीच राहिली. तिचे स्वतःचे ताट तसेच होते आणि बांगडा निवत चालला होता. तेवढ्यात तो वयस्कर वाढपी परत आला, त्याने तिच्या हातातला डाव हलकेच काढून घेतला आणि म्हणाला, "माई, तुमी जेवात. वाडपाचें काम म्हजें."

मी हेच सांगितले असते तर तिने ऐकले नसते, परंतु त्याचे तिने ऐकले. ती बसली, पहिला घास घेतला आणि सर्वप्रथम निकाल दिला की नारळ आणखी बारीक वाटायला हवा होता. त्यानंतर, हातात दुसरे काहीच काम नसल्यामुळे, ती बोलू लागली. गावची काजूची बाग आता तिच्याने होत नाही आणि ती कराराने द्यायचे तिच्या मनात आहे, हे तिने त्या बाकावर सांगितले. फोनवर आम्ही रोज बोलत होतो, पण तिथे ती केवळ माझ्या जेवणाची चौकशी करीत असे. पुन्हा सांगतो, ती आपल्याबरोबर बसली, म्हणून हे बोलणे झाले.

व्यवहाराच्या बाबी थोडक्यात सांगतो. रविवारी एकच्या आत पोहोचावे, कारण त्यानंतर रांगेत उभे राहणे वृद्धांच्या गुडघ्यांना मानवत नाही. १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक मासेमारी बंद असते, तेव्हा कोणता मासा ताजा आहे हे आधी विचारून घ्यावे. सोमवार पाळणाऱ्यांना सकाळी पातळभाजी-पाव आणि चहा पुरेसा होतो. जिथे पदार्थांची यादी मोबाइलवर उघडून वाचावी लागते, तिथे आईवडिलांना नेऊच नये; छापील कागदावर बोट ठेवून निवड करण्याचा त्यांचा हक्क कोणी आणि का हिरावून घेतला, हे मला अद्याप समजलेले नाही. आणि बिल वडिलांना द्यायचे असेल तर खुशाल देऊ द्यावे. गल्ल्यासमोर झटापट करू नये, मागे रांग खोळंबलेली असते.