पाठ फिरवून पाहिलेलं निसर्गचित्र

मित्रहो, आठवणीतून निसर्गचित्र करायचं म्हणजे मनाला येईल ते रंगवायचं, हा एक सोयीचा गैरसमज आहे. ऑन द स्पॉट काम करताना काही निसटलं तर मान वर करून पुन्हा बघता येतं. इथे ती सोय नाही, त्यामुळे आधीचं बघणं फार कडक लागतं.

व्हिसलर हा चित्रकार घ्या. १८७० च्या दशकात त्याने लंडनच्या थेम्सची रात्रीची चित्रं केली, ती ‘नॉक्टर्न’ मालिका. अंधारात पॅलेटवरचे रंग दिसणार कसे? म्हणून तो नदीकडे टक लावून बघायचा आणि मग पाठ फिरवून सोबत्याला सगळं दृश्य तोंडी सांगायचा. चुकलं की पुन्हा बघायचं. रंगवणं नंतर, स्टुडिओत. रंग इतका पातळ की तो त्याला ‘सॉस’ म्हणे. तो ओघळू नये म्हणून कॅनव्हास जमिनीवर आडवा ठेवावा लागे.

आपल्याकडे हे जुलैतल्या सह्याद्रीवर करून बघा. दहा मिनिटं वही बंद. मग पाठ फिरवून मोठ्याने बोला: सगळ्यात उजळ काय, सगळ्यात गडद काय, कुठली कड धुक्यात विरली. संध्याकाळी काडेपेटीएवढी चार स्केचेस, फक्त तीन टोनमध्ये, म्हणजे उजळ, मधला आणि गडद. फोटो काढलाच असेल तर चित्र होईपर्यंत उघडू नका. फोटोत सगळंच सारखं महत्त्वाचं असतं. आठवणीने मात्र गाळायचं ते आधीच गाळलेलं असतं.

घात कुठे होतो? आठवण संपते, पण हात थांबत नाही. मग वाकडा माड येतो, कौलारू घर येतं, नागमोडी पायवाट येते. हे सगळं कॅलेंडरवरून आलेलं असतं. जिथे आठवत नाही तिथे सपाट वॉश, म्हणजे पातळ रंगाचा एकसारखा थर ठेवा, चित्र बिघडत नाही.

भावनेचंही तसंच. मे महिन्याची काहिली दाखवायला हमखास नारिंगी ओतला जातो. प्रत्यक्षात भर दुपारी रंग उडालेले असतात, आभाळ पांढुरकं, सावल्या आखूड. तेवढं पकडलंत तरी ऊन चटके देतं.

जलरंगात धुक्यासाठी ३०० जीएसएमचा, म्हणजे जाड कागद, आणि अल्ट्रामरीन (निळा) व बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी) मिसळून केलेला करडा. ओल्या कागदावरची चमक मावळू लागली की डोंगराचा माथा लावा आणि बूड ओलसर ब्रशने पुसट करा. घाई केलीत तर माथाच पसरतो. उशीर झाला आणि ब्रशमध्ये पाणी जास्त असलं, तर फ्लॉवरच्या गड्ड्यासारखे डाग फुटतात. अशा डागावर रंग चढवत बसू नका, तो भाग मळतो. नवा कागद घ्या.

एका आठवणीवर तीन-चार कागद निघतात. पुढच्या कागदावर डोंगर उतरत नाही, आधीचं चित्र उतरतं. तिथे थांबायचं.