रकान्यातला आकडा

मित्रहो, उद्यापासून तुमची इंटर्नशिप. साडेचार वर्षं घरचे आणि शेजारचे तुम्हाला कौतुकानं ‘डॉक्टर’ म्हणत आले. उद्या वॉर्डातली एखादी आजी तीच हाक मारेल, पण कौतुकानं नाही, गरजेनं. त्या हाकेला ‘ओ’ देणारा माणूस कसा घडतो, यावर मला आज बोलायचंय.

वैद्यकीय शिक्षणात जॉर्ज मिलर यांचा पिरॅमिड प्रसिद्ध आहे. 1990 साली त्यांनी चार पायऱ्या मांडल्या: माहीत असणं, कसं करायचं ते माहीत असणं, करून दाखवणं आणि प्रत्यक्ष कामात करणं. 2016 मध्ये कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठातल्या क्रूस दांपत्यानं आणि इव्हॉन स्टाइनर्ट यांनी वर पाचवी पायरी सुचवली. ती म्हणजे नुसतं ‘असणं’. डॉक्टरचं काम करता येणं वेगळं आणि डॉक्टर असणं वेगळं, एवढाच त्याचा अर्थ. मला तो फार मोलाचा वाटतो. चौथ्या पायरीपर्यंत परीक्षक तुमच्यासमोर उभा राहू शकतो. पाचवीवर तुम्ही बहुतेक वेळा एकटेच असता.

माझीच गोष्ट सांगतो. तिसऱ्या वर्षाला असताना आमच्या वॉर्डात मायट्रल स्टेनोसिसच्या, म्हणजे हृदयाची एक झडप अरुंद झालेल्या, एक बाई होत्या. परीक्षा जवळ आलेली. आम्ही दहा-बाराजण रांगेनं त्यांच्या छातीला स्टेथोस्कोप लावत होतो. दर वेळी त्या निमूटपणे डाव्या कुशीवर वळायच्या. दम लागायचा, तरी वळायच्या. माझी पाळी झाल्यावर त्यांनी विचारलं, “आलं का रे बाळा ऐकू?” मी म्हणालो, “हो.” मला काहीही ऐकू आलं नव्हतं. सरांनी विचारल्यावर मी पुस्तकातलं वर्णन घडाघडा म्हटलं आणि शाबासकी मिळवली. त्या शाबासकीची लाज मला आजही वाटते. बाईंनी माझ्यासाठी त्रास सोसला होता आणि मी त्यांच्याशीच खोटं बोललो होतो.

1994 मध्ये हॅफर्टी आणि फ्रँक्स या दोन अभ्यासकांनी वैद्यकीय शिक्षणातल्या ‘छुप्या अभ्यासक्रमा’कडे लक्ष वेधलं. वेळापत्रकात नसलेलं, पण वॉर्डात अंगात मुरणारं शिक्षण म्हणजे हा अभ्यासक्रम. 2019 च्या बॅचपासून आपल्याकडे ‘एटकॉम’ आलं, म्हणजे वृत्ती, नीती आणि संवाद यांचे तास. ते हवेतच, मी ते आवडीनं घेतो. पण तासाला आम्ही रुग्णाच्या सन्मानावर बोलणार आणि राउंडवर बावीस नंबरच्या खाटेवरच्या माणसाला ‘बावीस नंबरचं लिव्हर’ म्हणणार, तर तुम्ही बावीस नंबरच शिकणार. यात दोष आम्हा शिक्षकांचा आहे.

या छुप्या शिक्षणातला सगळ्यात धोकादायक धडा म्हणजे 120/80, पुस्तकातला नॉर्मल रक्तदाब. रात्री तीन वाजता, चाळीस खाटांच्या वॉर्डात, दंडाला कफ, म्हणजे बीपी मोजायचा पट्टा, न गुंडाळताच केसपेपरच्या रकान्यात लिहिलेला. तो आकडा पुढचा डॉक्टर खरा धरतो, त्यावर औषध ठरवतो. दमलेला माणूस असं लिहितो, हे मला कळतं. निवासी डॉक्टरांसाठीच्या 1992 च्या केंद्रीय योजनेत आठवड्याला साधारण 48 तासांची ड्यूटी सांगितली आहे. प्रत्यक्षात किती तास भरतात, ते तुमच्या सीनियरना विचारा. ही लढाई तुम्ही एकट्यांनी लढायची नाही, आम्हीही तुमच्या बाजूनं उभं राहायला हवं. पण तास कमी होईपर्यंत रकान्यात काय लिहायचं, हे रोज रात्री तुम्हालाच ठरवावं लागणार आहे.

‘केलं नाही’ असं लिहायला भीती वाटते. सीनियर ओरडतील, सर सगळ्यांदेखत अक्कल काढतील. म्हणून मी माझ्या युनिटमध्ये सांगून ठेवलंय: न केलेलं ‘केलं नाही’ म्हणून लिहिणाऱ्याला मी कधीही रागावणार नाही.

मध्यंतरी डेंग्यूच्या एका पेशंटचा केसपेपर सकाळच्या राउंडला हातात आला. रक्तदाबाच्या रकान्यात इंटर्ननं लिहिलं होतं: ‘पहाटे साडेतीन. कफ फाटलेला, बीपी घेतलं नाही. शेजारच्या वॉर्डातून कफ आणून घेतो.’ खाली पावणेचारची नोंद होती, 88/70. त्याखाली रजिस्ट्रारला, म्हणजे सीनियर निवासी डॉक्टरला, फोन केल्याची वेळ. चार वाजता सलाईन वाढवलेलं होतं.