९५ ठिपक्यांचा ग्राफ

स्क्रीनच्या वर उजव्या कोपऱ्यात एक बारीक उभी रेघ सरकतेय बघा. ती हलतेय म्हणजे टीआय-८३, हा ग्राफ काढणारा कॅल्क्युलेटर, अजून हिशोब करतोय. डावीकडून एकेक ठिपका पडत चाललाय आणि आपण वाट बघतोय. १९९६ चं मॉडेल, आत झेड८० प्रोसेसर, स्पीड ६ मेगाहर्ट्झ, चालतो चार बारीक सेलवर.

त्यात हा आकडे दशमान पद्धतीनेच साठवतो, आत १४ अंक धरतो आणि दाखवतो १०. कॉम्प्युटर बायनरीत हेच काम भराभर उरकतो, पण तिथे ०.१ आणि ०.२ ची बेरीज केली की ०.३ च्या मागे शून्यांची रांग आणि टोकाला एक ४ लागतो. इथे नेमकं ०.३ येतं, वेळ थोडा जास्त जातो. मला हा सौदा पटतो.

ज्याला घाई आहे त्याच्यासाठी विंडोच्या, म्हणजे ग्राफचा कुठून कुठपर्यंतचा भाग दाखवायचा त्या खिडकीच्या, सेटिंगमध्ये सगळ्यात खाली एक्सरेझ असतं. १ ठेवलं तर प्रत्येक पिक्सेलला उत्तर काढतो, ८ ठेवलं तर दर आठव्या पिक्सेलला. म्हणजे आडव्या ९५ पिक्सेलपैकी जेमतेम १२ ठिकाणी खरं गणित, मधलं सगळं नुसतं सरळ रेघांनी जोडलेलं. ग्राफ झटकन येतो, पण साइनची लाट खडबडीत होते.

तर एक्सरेझ १ ठेवा, म्हणजे सगळं बरोबर? नाही ना. आता नीट बघा. एक्स उणे ४.७ पासून ४.७ पर्यंत, रेडियन मोड, आणि फंक्शन साइन (२०πएक्स). एवढ्या जागेत ९४ लाटा असायला हव्यात, आणि स्क्रीनवर काय येतं तर अक्षावर झोपलेली सपाट रेघ! कारण पिक्सेलमधलं अंतर बरोबर ०.१ आणि लाटेची लांबी पण ०.१, त्यामुळे कॅल्क्युलेटर दर वेळी लाटेच्या त्याच जागी जाऊन विचारतो आणि त्याला दर वेळी शून्यच मिळतं. प्रत्येक उत्तर अचूक आहे आणि चित्र साफ चुकीचं.

उजवी कड ४.७ ची ४.८ करा. आता खऱ्या लाटा ९५, आणि दिसते एकच, डावीकडे डोंगर उजवीकडे दरी, इतकी सुबक की शंका पण येत नाही. आपल्याकडे आयबीच्या, म्हणजे इंटरनॅशनल बॅकलॉरिएट या शालेय अभ्यासक्रमाच्या, गणिताला असं ग्राफ काढणारं मशीन लागतं, आणि स्क्रीनवर दिसलं तसं वहीत उतरवणाऱ्या मुलांची मला खरंच काळजी वाटते.

२००४ साली टीआय-८४ प्लस आला, १५ मेगाहर्ट्झ, म्हणजे अडीच पट. पण स्क्रीन तीच, ९६ बाय ६४ ची, ग्राफला आडवे ९५ ठिपके तेच, त्यामुळे तीच सपाट रेघ आता लवकर येते एवढाच फरक.

मग करायचं काय, तर खिडकी लहान करायची. एक्समिन म्हणजे डावी कड ०, एक्समॅक्स म्हणजे उजवी कड ०.२, आणि ग्राफचं बटण. कोपऱ्यातली रेघ परत हलायला लागली, ठिपका वर चढतोय, वळतोय, खाली येतोय, परत चढतोय. दोन लाटा, पूर्ण.