वाकळ आणि अडीच मीटरचं चित्र

ही माझी मोठी आई. दर्यापूर तालुक्यातलं आमचं गाव, दुपारची वेळ, ओट्यावर तिनं जुनं लुगडं पसरलंय आणि त्यावर वाकळीसाठी तुकडे मांडणं चाललंय. माझ्या शाळेच्या शर्टाचा निळा, कोणाच्या तरी लग्नातल्या ब्लाउजपीसचा राणी कलर, फाटक्या चादरीचा पिवळा. दाभण अजून हातात घेतलीच नाहीये. एक लाल तुकडा ती तीनदा उचलते, तीनदा जागा बदलते आणि शेवटी हिरव्याच्या शेजारी ठेवते. मी विचारलं इथंच का, तर म्हणे, "हिरव्याच्या बाजूले लाल ठेवलं का दोघंबी उठून दिसते, बाबू."

आता हे दुसरं चित्र बघा. कॅनव्हासवर तैलरंग, अडीच मीटर रुंद, अडीच मीटर उंच, म्हणजे आमच्या घराच्या दारातून आतच जाणार नाही एवढं. नाव प्रिझ्म एलेक्त्रीक, साल 1914, पॅरिसच्या पाँपिदू सेंटर या म्युझियमच्या संग्रहात आहे. दोन मोठी वर्तुळं एकमेकांत घुसलेली, आणि त्यांचे कापून कापून केलेले पट्टे, केशरी, निळे, जांभळे, हिरवे, गुलाबी. पॅरिसमधल्या सँ-मिशेल रस्त्यावर तेव्हा विजेचे दिवे नवे नवे लागले होते, त्या दिव्यांभोवती उजेडाची जी गोल गोल कडी दिसतात ती एका चित्रकार बाईनं रंगवली. पावसाळ्यात आपल्या गावात खांबावरच्या लाइटकडे ओल्या डोळ्यांनी बघितलं की कसं दिसतं, तसंच काहीतरी.

या चित्रकार बाईचं नाव सोनिया दलोने. 1885 साली आजच्या युक्रेनमध्ये जन्मली, लहानपणीच मामाकडे सेंट पीटर्सबर्गला गेली, तिथून शिकायला जर्मनी आणि मग पॅरिस. आणि मला ज्यासाठी हा व्हिडिओ करावासा वाटला ती गोष्ट आता सांगतो. 1911 मध्ये तिला मुलगा झाला, चार्ल्स, आणि त्याच्यासाठी तिनं कापडाचे तुकडे जोडून एक पांघरूण शिवलं, तिकडच्या शेतकऱ्यांच्या घरी बघितलं होतं तसं. म्हणजे वाकळच की हो! शिवून झाल्यावर तुकड्यांची ती मांडणी तिला आणि नवऱ्याला, रोबेरला, एकदम नवी वाटली, मग तेच ती चित्रांत, कपड्यांत, पुस्तकाच्या कव्हरवर करत गेली. ते पांघरूणसुद्धा आज त्याच म्युझियमच्या संग्रहात आहे, मला तर चित्राइतकंच तेही आवडतं, खरं सांगायचं तर जास्तच.

रंगाचा शेजारी बदलला की रंगच बदलतो, यामागं विज्ञान आहे. शेव्रल नावाचे फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ गोबेलाँच्या गालिचा-कारखान्यात रंगाईचं काम बघायचे, तिथं तक्रार आली की काळा धागा फिका दिसतोय. त्यांनी तपासलं तर रंगात खोट नव्हती, शेजारच्या धाग्यांमुळं डोळ्याला तो तसा दिसत होता. 1839 मध्ये त्यांनी यावर मोठं पुस्तक लिहिलं आणि पुढं दलोने नवरा-बायकोनं आपली चित्रकला त्याच विचारावर उभी केली. केशरीशेजारी निळा ठेवला की दोन्ही पेटतात. मोठ्या आईनं लाल तुकडा तीनदा हलवला तो याच्याचसाठी.

1964 मध्ये पॅरिसच्या लूव्र या मोठ्या म्युझियममध्ये सोनियाच्या कामाचं मोठं प्रदर्शन भरलं, हयात असताना हा मान मिळालेली ती पहिली बाई. 1979 मध्ये ती गेली.

मोबाइलवर फोटो मोठा करून मी मोठ्या आईला दोन्ही दाखवलं. चित्र तिनं बराच वेळ बघितलं, बोट फिरवलं, काही बोलली नाही. पांघरुणावर मात्र थांबली. "लेकरासाठी होय ना, मंग मऊ कपडाच घेतला असन तिनं." आणि मग, "ते पोरगं पुढं काय झालं?"

म्हटलं, मोठा होऊन जॅझ नावाच्या संगीतावर लिहायला लागला, त्या गाण्यांच्या रेकॉर्डची यादी करून पुस्तक काढलं त्यानं.

"बरं झालं," म्हणाली, आणि दाभणीत दोरा ओवायला तिनं ती माझ्याकडे दिली.