कूळ

श्रोतेहो, नमस्कार.

आपल्या भाषेत ‘कूळ’ म्हणजे घराणे, आणि दुसऱ्याची जमीन कसणारा तोही कूळच. गुहागर तालुक्यातल्या आमच्या कुणबी घराण्याची हकीकत सांगताना हे दोन्ही अर्थ वेगळे काढता येत नाहीत, कारण आमच्या पूर्वजांनी पिढ्यानपिढ्या ज्या मळ्यात भात लावले, तो मळा खोताचा होता.

खोताने गावाचा सारा वसूल करून सरकारात भरायचा, अशी मूळ व्यवस्था. पण भाताचे निम्मे उत्पन्न अर्धेल म्हणून त्याच्या कोठारात जाई, आणि शिवाय वेठ, म्हणजे बिनमजुरीचे काम, करावी लागे ती निराळी. शेजारच्या कुलाबा जिल्ह्यात चरीच्या शेतकऱ्यांनी १९३३ साली नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली जमिनी न कसण्याचा संप सुरू केला आणि तो उपासमार सोसून वर्षानुवर्षे चालवला. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९३७ साली मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. प्रत्यक्ष खोती रद्द करणारा कायदा मात्र १९४९ साली झाला, आणि कूळ कायद्याखाली कसणाऱ्याला मालक ठरवणारा कृषक दिन उजाडला तो १ एप्रिल १९५७ रोजी.

कूळ कायद्याच्या कलम ३२ ग खाली जमिनीची किंमत ठरली आणि आजोबांनी ती हप्त्याहप्त्याने फेडली. हे हप्ते मळ्याने दिले नाहीत. ते परळच्या गिरणीत साच्यावर उभ्या असलेल्या थोरल्या काकांच्या मनीऑर्डरीतून गेले. पुरुष मुंबईत असताना दाढ, म्हणजे भाताच्या रोपांची जागा, भाजण्यापासून लावणी, बेणणी, कापणी सगळे आजीने केले, तरी ३२ म च्या खरेदी प्रमाणपत्रावर तिचे नाव नाही, याची खंत मला आजही आहे.

१९८२ च्या गिरणी संपानंतर काका गावी परतले आणि त्यांनी कातळात सुरुंग लावून, खड्ड्यांत माती भरून हापूसची कलमे लावली. पुढची पिढी विरार-नालासोपाऱ्याला स्थिरावली. ती गणपतीला आणि शिमग्याला येते. सातबाऱ्यावर आता एकोणीस नावे आहेत, पण पोटहिस्से मोजलेले नाहीत. कोणता चोंडा, म्हणजे भाताचा तुकडा, कोणाचा हे ठरत नसल्याने कोणीच नांगर धरत नाही, आणि ज्या जमिनीसाठी एवढे सोसले तिच्या निम्म्या भागावर पड अशी नोंद लागली आहे.

वडिलोपार्जित मिळकतीत मुलींना मुलग्यांइतका हक्क महाराष्ट्राने १९९४ सालीच दिला होता, तरी आमच्याकडे वारसनोंदीच्या वेळी आत्यांपुढे हक्कसोडपत्रच ठेवले जाई, आणि माहेर तुटू नये म्हणून त्या सही करीत. धाकट्या आत्याने ती सही कधी केली नाही. गेल्या गणपतीत आम्ही भावंडांनी तिचे नाव लावण्यासाठी तलाठ्याकडे अर्ज दिला. त्याच दुपारी ती माझ्या मुलीला मळ्यात घेऊन गेली आणि पावसाळ्यात बांध नेमका कुठे फुटतो, ती जागा तिने काठीने दाखवली.

नमस्कार.