मिल बंद पडली तेव्हा

नमस्कार मंडळी, इंदूरहून बोलतेय. आजचा विषय डीग्रोथ, म्हणजे वाढ-वाढ-वाढ हा हव्यास सोडून उत्पादन आणि वापर ठरवून कमी करायचा. १९७२ला विचारवंत आंद्रे गोर्झ यांनी फ्रेंचमध्ये हा शब्द वापरला, २००८ला पॅरिसमध्ये पहिली आंतरराष्ट्रीय परिषद झाली. मला हा विचार मनापासून पटतो, पण एक गोष्ट सारखी टोचते.

आपली इंदूरची हुकुमचंद कापड मिल आठवते ना? डिसेंबर १९९१मध्ये बंद पडली. भोंगा थांबला, धूर थांबला, नुसतं कागदावर बघितलं तर वीज वाचली, कापूस वाचला. पण ५८९५ कामगार रस्त्यावर आले आणि त्यांच्या हक्काचे सुमारे २२४ कोटी मिळायला २०२३चा डिसेंबर उजाडला, बत्तीस वर्षं हो! तोवर दोन हजारांवर कामगार वारले होते, चेक बघायला त्यातलं कुणीच नव्हतं.

डीग्रोथवाले म्हणतील याला डीग्रोथ म्हणत नाहीत, ठरवून कमी करणं वेगळं आणि कोसळणं वेगळं. मान्य. पण ठरवणार कोण? आमच्या इंदूरच्या परदेशीपुरा वस्तीतला मिल कामगार ठरवणाऱ्यांत बसलेलाच नसेल तर त्याच्यासाठी दोन्ही सारखंच, म्हणून काम बंद व्हायच्या आधी त्याची देणी, दुसरं काम, मुलांची शाळा-दवाखाना हे सगळं पक्कं व्हायला हवं, नंतर बघू म्हटलं की काय होतं ते आपण बघितलंय.

अंथरूण पाहून पाय पसरा हे आपल्याकडे नेहमी त्यालाच ऐकवतात ज्याचे पाय आधीच पोटाशी आहेत.

आणि बायकांचं काय? २०१६ला बुडापेस्टच्या डीग्रोथ परिषदेत स्त्रीवाद्यांनी वेगळा गट केला तो उगाच नाही. विकतचं कमी करा, घरीच लोणची-पापड करा, हे बोलायला छान वाटतं, पण करणार कोण, नोकरीवरून दमून आलेली तीच ना? घरातल्या कामाची वाटणी आधी करा, मग बरणी काढा.

आमच्याकडे भांड्यांना येणाऱ्या मावशींची मुलगी हप्त्यावर स्कूटी घेतेय, त्यांच्या घरातली पहिलीच गाडी. तिला आता थांब म्हणायला माझी जीभ रेटत नाही. समोरच्या बंगल्यात तिसरी कार आलीय, तिथे मात्र मी बोलणारच.