एअर फिल्टर : धुवायचा की बदलायचा

यवतमाळ जिल्ह्यात दारव्हा-दिग्रस मार्गालगतच्या एका गॅरेजसमोर, जानेवारीतल्या सकाळी, एक लहान पेट्रोल गाडी उभी आहे. मालकाच्या वावरात आठवडाभर तुरीची मळणी चालू होती आणि थ्रेशरमधून उडालेले कुटार गाडीच्या काचेपासून बोनेटखालच्या कोपऱ्यांपर्यंत साचले आहे. मिस्त्री एअर फिल्टरच्या डब्याच्या क्लिपा सोडवतो, आतला घड्यांचा कागद बाहेर काढून उजेडाकडे धरतो आणि घड्यांच्या तळाशी बसलेला करडा थर बोटाने दाखवतो. ‘भाऊ, याले आता हवा नका मारू, बदलूनच टाका,’ असे तो म्हणतो. मालकाने मात्र धुऊन पुन्हा वापरता येणाऱ्या कापसाच्या फिल्टरविषयी ऐकले आहे, आणि दरवेळी पैसे घालण्यापेक्षा एकदाच तो बसवून टाकावा काय, असा त्याचा प्रश्न आहे.

एक लिटर पेट्रोल नीट जळण्यासाठी वजनाने त्याच्या साधारण 14.7 पट हवा लागते. आकारमानात सांगायचे तर ती सुमारे 9,000 लिटर होते, म्हणजे घरावरच्या हजार लिटरच्या नऊ टाक्या भरतील एवढी. गाडी लिटरला 20 किलोमीटर धावते असे धरले, तर 10,000 किलोमीटरमध्ये 45 लाख लिटर हवा त्या एका डब्यातून आत जाते. आणि ती हवा पांदणीवरची आहे की डांबरी रस्त्यावरची, यावर पुढचे सगळे अवलंबून असते. धुळीतले सिलिकाचे कण ओतीव लोखंडापेक्षा कठीण असतात. त्यांतले सर्वांत घातक कण डोळ्यांना दिसत नाहीत, कारण माणसाचा केस साधारण 70 मायक्रॉन जाड असतो, तर पिस्टनच्या रिंगा आणि सिलिंडर यांच्यामधल्या तेलाच्या पातळ थरात शिरून घासणारे हे कण 5 ते 20 मायक्रॉनच्या आसपासचे असतात. कुटाराच्या काड्या फिल्टरवर दिसतात म्हणून त्यांची भीती वाटते, परंतु त्या कोणताही फिल्टर अडवतो.

कागदी फिल्टरचा एक गुण सहसा कोणी लक्षात घेत नाही. कोरा कागद जितकी धूळ अडवतो, त्यापेक्षा थोडा मळलेला कागद अधिक अडवतो, कारण त्याच्या तंतूंवर बसलेली धूळ स्वतःच गाळणीचे काम करू लागते. थर वाढत गेला की हवेला अडथळा होतो आणि तेव्हा फिल्टर बदलायचा असतो. मात्र आपल्याकडे दर पंधरवड्याला कंप्रेसरची हवा मारून घेण्याची जी सवय आहे, ती या उपयोगी थरालाही उडवते आणि नळी जवळ धरली तर कागदाला बारीक छिद्रेही पाडते. हवा मारायचीच असेल, तर कमी दाबाने, अंतर राखून आणि आतल्या बाजूने बाहेरच्या दिशेला मारावी.

ही सवय बहुधा ट्रॅक्टरवरून आली असावी. जुन्या ट्रॅक्टरच्या ऑईल बाथ फिल्टरमध्ये हवा तेलाच्या वाटीवरून वळण घेते, जड कण तेलात पडतात आणि उरलेले तेलाने ओल्या झालेल्या तारांच्या जाळीला चिकटतात. ती वाटी काढून डिझेलने धुणे आणि खुणेपर्यंत ताजे तेल भरणे हे काम गावातल्या पोरांनाही येते. फिल्टर म्हणजे धुवायची वस्तू, अशी समजूत अशा घरात रुजली तर नवल नाही. पण त्याच हाताने कागदी फिल्टर पाण्याखाली धरला की त्याच्या घड्या फुगतात आणि तो निकामी होतो.

धुता येणाऱ्या फिल्टरमध्ये सुती जाळीदार कापडाचे अनेक थर तारेच्या दोन जाळ्यांमध्ये घडी घालून बसवलेले असतात. आपल्याच पऱ्हाटीवर पिकणाऱ्या कापसाचे हे रूप ओळखू येत नाही, कारण त्यावर सहसा लाल रंगाचे चिकट तेल असते, आणि खरे काम ते तेलच करते. विरळ कापडातून हवा सहज जाते, म्हणून काहींना गाडी मोकळी पळाल्यासारखी वाटते. परंतु आयएसओ 5011 या आंतरराष्ट्रीय मानकानुसार फिल्टर तपासतात, तेव्हा हवेचा अडथळा आणि अडवलेली धूळ ही दोन्ही मोजली जातात, आणि चांगला कागद बारीक धुळीच्या बाबतीत बहुधा सरस ठरतो. मायलेजची आशाही फारशी धरू नये. अमेरिकेच्या ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेने 2009 मध्ये केलेल्या चाचण्यांत, इंधन इंजेक्शन असलेल्या आधुनिक गाड्यांचा फिल्टर तुंबला तरी इंधनाच्या खपात लक्षणीय फरक आढळला नाही. फरक पडला तो गाडी वेग घेण्यात.

आता पैशाचा हिशेब. समजा, कागदी फिल्टर 400 रुपयांचा आहे आणि धुळीमुळे तो दर 10,000 किलोमीटरला बदलावा लागतो; तर एक लाख किलोमीटरला 4,000 रुपये होतात. धुता येणारा फिल्टर 5,000 रुपयांना आणि साफसफाईचे द्रावण व तेल 1,500 रुपयांना धरले, तर फायदा दिसायला एक लाख 60 हजार किलोमीटरच्या पुढे जावे लागेल, आणि या धुळीत तोही वारंवार धुवावा लागणार. वर्षाला पाच-सात हजार किलोमीटर चालणाऱ्या गाडीच्या मालकाने हा विचार का करावा, हे निदान मला कळत नाही.

ज्याची गाडी लांब पल्ल्याला रोज धावते, त्याचा हिशेब वेगळा येऊ शकतो. पण मग धुण्याची शिस्त पाळावी लागते. पेट्रोलने किंवा डिझेलने धुणे चालत नाही, जोरकस धार चालत नाही, आणि फिल्टर सावलीत पूर्ण वाळेपर्यंत काही तास गाडी उभी ठेवावी लागते. श्रावणात तर वाळण्याची वाट पाहावी लागते. त्यानंतर तेल घालायचे ते मोजूनच. कमी पडले तर धूळ आत जाते. जास्त झाले तर, विशेषतः डिझेल गाड्यांत, हवा मोजणाऱ्या सेन्सरच्या तापलेल्या तारेवर ते बसू शकते आणि इंजिनाला हवेचा चुकीचा अंदाज मिळतो. काही लहान पेट्रोल गाड्यांत ही तार नसते, तिथे दाबावरून हिशेब होतो आणि हा धोका टळतो.

गॅरेजमध्ये मालकाने अखेर कागदच घेतला आहे. मिस्त्री नवा फिल्टर बसवण्याआधी ओल्या फडक्याने डब्याचा तळ पुसतो आणि कडेची रबरी पट्टी बोटाने चाचपून पाहतो, कारण ती एका जागी दुमडली तर हवा फिल्टरला वळसा घालून तशीच आत शिरते, मग आतला फिल्टर कागदी असो की कापसाचा. एका कोपऱ्यात पट्टीवर कुटाराची काडी अडकलेली त्याला सापडते. ती तो नखाने काढतो, झाकण ठेवतो आणि चारही क्लिपा एकेक करून लावतो.